तुमचे वडील असते तर

"ऑपरेशन करून घ्यावं, असं आमचं मत आहे," डॉक्टर म्हणाले. "वयाच्या मानाने धोका आहे, पण फायदा होण्याची शक्यताही चांगली आहे."

त्याला वाक्य ओळखीचं वाटलं. अशी दोन दगडांवर पाय ठेवणारी वाक्यं तो स्वतः रोज लिहायचा. शेअर दलालाच्या कंपनीत तो विश्लेषक होता. लोकांनी कुठला शेअर घ्यावा, कुठला विकावा, हे सांगायचा. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. 'खरेदी करा' कुणाच्या सोयीने लिहिलं जातं आणि 'विका' नेहमी भाव कोसळल्यावर, वरातीमागून घोडं यावं तसं का येतं, हे त्याला पुरतं माहीत होतं.

"मत राहू द्या, डॉक्टर. तुमचे वडील असते तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. केबिनच्या काचेपलीकडे चाकांच्या खुर्चीत वडील बसले होते, मुलाची बॅग मांडीवर सांभाळत.

"नसतं केलं. घरी नेलं असतं, खिडकीजवळ पलंग टाकला असता." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "हे वरच्यांना कळलं तर माझी खैर नाही. ऑपरेशनचं टेबल रिकामं राहिलेलं त्यांना चालत नाही."

त्याचे डोळे भरून आले. इतकं सरळ उत्तर त्याला कित्येक वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

"आता तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "टीव्हीवर बघतो मी तुम्हाला. परवा त्या सिमेंट कंपनीला तुम्ही 'खरेदी करा' म्हणालात. माझी सगळी पुंजी तिच्यात आहे. तुमच्या वडिलांचे पैसे असते तर?"

वडिलांचे होतेच. 'खरेदी करा' लिहिण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने ते शेअर विकून टाकले होते. त्या कंपनीचं एक मोठं काम त्याच्या साहेबांना मिळायचं होतं, म्हणून 'विका' लिहिण्याची सोय नव्हती.

खरं सांगायलाच त्याने तोंड उघडलं. पण जिभेला वळण लागलेलं होतं.

"ठेवा, डॉक्टर. दीर्घ मुदतीसाठी चांगला शेअर आहे."

डॉक्टरांचा चेहरा सैलावला. ते बाहेर आले, वाकून त्यांनी वडिलांच्या पायांवरची शाल सारखी केली आणि स्वतः खुर्ची ढकलत लिफ्टपर्यंत आले.

लिफ्टचं दार मिटल्यावर वडील म्हणाले, "लाखात एक माणूस आहे. तू काही उपयोगी पडलास का रे त्याच्या?"