आंघोळीला गेलेत

बाप स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा पडला होता आणि ओट्याखाली किती धूळ साठलीय ते त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा शेजारी पडलेला, जीभ जागची हलत नव्हती. अर्धांगाच्या झटक्याची ही तिन्ही लक्षणं तो कारखान्यात दर महिन्याला फळ्यावर लिहून दाखवायचा. सुरक्षा अधिकारी होता. चौथा मुद्दाही त्याला पाठ होता: वेळ घालवू नका.

बायको कामावर, संध्याकाळशिवाय येणार नव्हती. घरात दुसरं माणूस म्हणजे सात वर्षांची मुलगी. तिला सगळे फौजदार म्हणत. फौजदाराने बापाला दोनदा हलवून पाहिलं. रडली नाही. खुर्ची ओढून ओट्यावरचा मोबाइल काढला, मदतीचा नंबर लावला, स्पीकर चालू केला. अगदी शिकवल्याबरहुकूम. तशाही अवस्थेत बापाला तिचं कौतुक वाटलं.

“बोला, काय मदत हवीय?” पुरुषाचा आवाज.

“माझे बाबा…”

“कोण, लहान मुलगी का? बाळा, घरात मोठं कोणी आहे का?”

फौजदार सावध झाली. हा प्रश्न वेगळ्या धड्यातला होता. अनोळखी माणसाने फोनवर असं विचारलं, तर आपण एकट्या आहोत हे कळू द्यायचं नाही. हाही धडा बापानेच, चांगला आठवडाभर, घोकून घेतला होता. दोन्ही धडे एकदम अंगावर आले तर आधी कुठला, एवढं मात्र शिकवायचं राहून गेलं होतं.

“आहेत ना. बाबा आंघोळीला गेलेत.”

“मग फोन कशाला केलास? बरं, पत्ता सांग.”

“अनोळखी माणसाला सांगायचा नसतो.”

पलीकडचा माणूस हसला. “शाबास! बाबांनी चांगलं शिकवलंय. पण या नंबरवर खेळायचं नाही हं.”

बापाने सगळा जीव गोळा करून हाक मारली. ओठाच्या कडेने लाळ आली.

फोन कट झाला. दोन मिनिटांत त्याच माणसाचा फोन आला. खात्री केल्याशिवाय विषय मिटवायचा नाही, असा तिकडेही काही नियम असावा. “बाळा, बाबांना फोन दे बघू.”

फौजदाराने बापाकडे पाहिलं. त्याने डोळे मोठे केले, मिटले, पुन्हा मोठे केले. तेवढंच हलत होतं. तिने समजल्यासारखी मान डोलावली. हे डोळे तिच्या ओळखीचे होते. एकदा सांगितलं की बदलायचं नाही, अडखळलीस की चोराला कळतं, असं सांगताना ते असेच व्हायचे.

ती फोन घेऊन बाथरूममध्ये गेली. रिकाम्या बादलीत पाणी धो धो पडू लागलं.

“ऐकू येतंय ना? साबण लावलाय त्यांनी.”

“येतंय, येतंय. ठेव आता,” तो माणूस म्हणाला.

ती परत आली, बापाच्या डोक्याशी उकिडवी बसली आणि त्याच्या कानाला तोंड लावून कुजबुजली,

“घाबरू नकोस बाबा. त्यांना काही कळलं नाही.”