झडपेवरचा पत्रा

टॅक्सीचं इंजिन धापा टाकत गॅरेजात आलं, की मुलगा म्हणायचा, "आई, झडप काजळीनं चिकटलीय. इंजिनाचा थोडा धूर ती परत त्यालाच पाजते, म्हणून आतली आग आटोक्यात राहते आणि बाहेर विषारी वायू कमी जातो. साफ करायला वेळ लागेल."

"वेळ काय झाडाला लागतो? पत्रा ठोक, कर बंद!" मालकीणबाईंचा हुकूम सुटायचा. गॅरेजसमोरच्या स्टँडवरच्या सगळ्या टॅक्सी अशाच सुसाट झाल्या.

मग वरच्या खोलीत नातीचा खोकला हटेना. डॉक्टरांनी स्टँडकडच्या खिडकीकडे नुसतं बोट दाखवलं. मालकीणबाई तरातरा खाली उतरल्या.

"उचला रे हा स्टँड! माझी नात खोकून खोकून अर्धी झालीय."

म्हातारा ड्रायव्हर लगबगीनं उठला. "अरेरे! आत्ता हलवतो, काकू. पलीकडं शाळेसमोर मोकळी जागा आहे, तिथं लावतो गाड्या."

मालकीणबाई शाळेच्या फाटकाकडे बघत राहिल्या.

"शाळेसमोर कशाला? तिथल्या पोरांना काय घसे नाहीत? एकेक गाडी आत घ्या. पोराला म्हणावं, पत्रे काढ."

"का, पोराचं काही चुकलं का, काकू?"

"त्याचं नाही रे बाबा. पत्रे मी ठोकायला लावलेत."