टनेलचं दुसरं टोक

टनेल काही केल्या चालू होत नव्हता. पडद्यावर तोच लाल ठिपका. भिंतीकडे बघत बसावं तशी ती त्याच्याकडे बघत बसली होती.

वडील जाऊन आठ दिवस झाले होते. सकाळी ती कामावर हजर झाली तेव्हा साहेब चाचरत म्हणाले, "अगं, अजून चार दिवस घरी थांबायचंस." ती म्हणाली, "घरी काय करू?" डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. "काळजाचा दगड केलाय हिने," मैत्रिणी कुजबुजल्या. तिलाही तसंच वाटत होतं. आत्ताच प्यायलेला चहा गरम होता की गार, हेही तिला सांगता आलं नसतं.

एक काम मात्र तिने आपणहून हातात घेतलं. लहान गावातलं हॉस्पिटल शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला जोडायचं. कंपनीच्या भल्यामोठ्या जाळ्यातून त्या दोघांपुरती वेगळी वाट, म्हणजे टनेल, काढायची, की दीडशे किलोमीटरवरचे कॉम्प्युटर एकाच खोलीत असल्यासारखे बोलू लागतात. काम अर्ध्या दिवसाचं. पण दीड महिना ते तिच्याच यादीत तळाला पडून होतं. आधी कारखाना, मग विमा कंपनी. ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी. हॉस्पिटलवाल्यांनी कधी आरडाओरडा केला नव्हता.

"मॅडम, इकडे केबल नीट बसलीय, दिवाही लागलाय," हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला. त्यांची ओळख नुसत्या आवाजाची. "तुमच्याकडेच काहीतरी असेल बघा."

तिने दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. टनेलचा नंबर दोन्हीकडे एकच लागतो. एकीकडे चारशे सतरा होता, दुसरीकडे चारशे एकाहत्तर. असली चूक दहा वर्षांत तिच्या हातून झाली नव्हती. तिला त्याचंही काही वाटलं नाही. तिने आकडा बदलला. ठिपका हिरवा झाला.

"आला, मॅडम, आला! फोन ठेवू नका हां. एक बाई आल्यात, डोक्याला मार लागलाय. त्यांच्या स्कॅनचेच फोटो पाठवून बघतो."

मग फोनमध्ये नुसती पावलं, कुठली तरी ढकलगाडी, कुणाची तरी हाक. ती रिसीव्हर कानाला लावून बसून राहिली. वीसेक मिनिटांनी तो धापा टाकत परत आला.

"तिकडच्या डॉक्टरांनी बघितलेसुद्धा! रक्त कुठे साठलंय, काय करायचं, सगळं सांगितलं. बाईंना आत घेतलंय." मग त्याचा आवाज खाली आला. "हे मागच्या आठवड्यात झालं असतं ना, मॅडम... एक मास्तर होते. त्यांचे फोटो सीडीत घालून गाडीने पाठवावे लागले. साडेतीन तासांचा रस्ता. सीडी अर्ध्या वाटेत होती, आणि इकडे मास्तर गेले."

तिने पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मॅडम? आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. "ती सीडी माझ्या मांडीवर होती."