टरफलांखालचा फोन

मला स्वरलिपी येत नाही. चाल सुचली की ताईला ऐकवायची. मग कधीही मागा, ताई ती जशीच्या तशी गाऊन दाखवायची. हल्ली मात्र जुनीच चाल ऐकून विचारते, "नवीन का रे?" म्हणून आज ती मटार सोलत असताना रेकॉर्डिंग सुरू करून फोन टरफलांखाली सरकवला आणि गायला लागलो. ढीग आवरताना तिला लाल ठिपका दिसला. "ताईवर भरवसा नाही होय, दीडशहाण्या?" "तसं नाही गं." "मग पुसून टाक. आणि पुन्हा गा." पुसलं. गायलो. तिने डोळे मिटून चाल परत म्हटली. पहिली ओळ चोख. दुसरी भलतीच. "बरोबर?" तिने विचारलं. तिच्या हातातली शेंग चुरगळली होती. "अगदी बरोबर," मी म्हणालो आणि तिच्यासोबत तीच भलती ओळ गायलो. मग मनात माझी ओळ शोधली. तिथेही आता ताईचीच होती.