पहिली दाद

कॅफेतल्या ओपन माइकला चष्म्याच्या दुकानात काम करणारी ती दुसऱ्यांदा उभी राहिली, पण याही वेळी तिच्या विनोदांना कुणी हसेना. शेवटी तिनं बाबांच्या बहिरेपणाला हात घातला. “आई विचारते, दार लावलंत का? बाबा म्हणतात, चार कुठले, पाच वाजलेत.” हशा पिकला. चेव येऊन तिनं आणखी तसलेच किस्से रंगवले. तेवढ्यात मागच्या खुर्चीत तिला बाबा दिसले. न सांगता आलेले, ठेवणीतला कोट घातलेले बाबा शेजारचे हसले की हसत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. “एवढं काय सांगितलंस गं? मलाही सांग.” तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “बाबा, चुकलं माझं.” “मोठ्यानं बोल, बाळा. मघाशी सगळ्यांसमोर बोललीस तशी.”