बुळबुळीत स्पंज

सासूबाई तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. मी घासलेलं प्रत्येक भांडं त्या पुन्हा घासत, म्हणून आम्ही नवराबायको वेगळं घर बघत होतो. त्यांनी काचेच्या टाकीत हौसेने दोनदा आणलेले मासेही मेले. “फिल्टरचा स्पंज कशाने धुता?” माशांच्या दुकानदाराने विचारलं. “साबणाने. रोज.” “स्पंजमधले जंतूच पाणी चांगलं ठेवतात, मावशी. आता महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या. हात लावायचा नाही.” सासूबाई हट्टाला पेटल्या. स्पंज बुळबुळीत झाला, काच हिरवट झाली, हात शिवशिवले, पण त्यांनी टाकीला बोट लावलं नाही. नंतर आणलेले चारही मासे जगले. आज त्यांनी मी घासलेलं पातेलं उचललं. काठाशी करपल्याचा डाग होता. त्यांनी नळ सोडला, टाकीकडे पाहिलं आणि बंद केला. डागाची बाजू भिंतीकडे करून पातेलं फळीवर ठेवत म्हणाल्या, “स्वच्छ आहे.”