सोन्याचे काजवे

जानकीने ओटीचं ताट उचललं, तशी लेकीने, दिशाने ते अलगद तिच्या हातून काढून शकुकाकूकडे दिलं. ‘काकूला हौस आहे ना,’ एवढंच ती हसून म्हणाली. मुलुंडच्या त्या एसी हॉलमध्ये साखरपुड्याच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. विहिणीची ओटी मुलीच्या आईने भरायची, हे शकुला काय ठाऊक नव्हतं? पण तिने जावेकडे न बघता ताट घेतलं, आणि जानकीने आपले हात पुन्हा पदराखाली ओढले.

हात चारचौघांत दाखवण्यासारखे नव्हतेच. बोटांच्या बेचक्यांत फोड, मनगटापर्यंत सोललेली कातडी, काळी नखं. अंधेरीच्या एका कारखान्यात ती महागड्या पेनांवर जपानी पद्धतीची नक्षी काढायची. तिथे एका जपानी झाडाचा चीक वापरतात. त्याचे थरावर थर द्यायचे आणि ओल्या चिकावर सोन्याची पूड भुरभुरायची. बिब्बा उततो तसा हा चीक अंगावर उततो. बाकीच्या बायकांना तो हळूहळू सोसला, जानकीला मेला कधी सोसला नाही.

यावेळी तर तिने आपणहून ओढवून घेतलं होतं. होणाऱ्या जावयाला साखरपुड्यात द्यायचं पेन तिने भांडुपच्या घरी बसून केलं. एवढं बारीक काम हातमोजे घालून जमत नाही, म्हणून उघड्या हातांनी. काळ्याभोर पेनावर सोन्याचे काजवे, गावच्या परसातल्या झाडावर लगडायचे तसे. आणि नेमकं यज्ञेशला ऑफिसने परदेशी पाठवायचं ठरवलं, साखरपुड्याची तारीख अलीकडे आली. चीक वरून वाळलेला दिसला तरी आत कितीतरी दिवस कच्चाच असतो. ‘इतक्यात देऊ नको गं, हातावर उतेल कुणाच्या,’ असं जानकीने दिशाला बजावलं होतं. पण बाईसाहेबांनी सासरी आधीच सांगून टाकलं होतं, पेन जपानहून मागवलंय. आई कारखान्यात जाते हे तिथे कुणाला कळता कामा नये. हातांना त्वचेची जुनी तक्रार आहे, असंही तिने तिथे सांगून ठेवलं होतं. पोटच्या पोरीला आपली लाज वाटते, हे जानकीला फार लागलं होतं. पण जमलेलं लग्न आपल्या तोंडाने कशाला मोडायचं?

यज्ञेशने डबी उघडली आणि पेन या हातातून त्या हातात फिरू लागलं. त्याच्या मामांनी ते उजेडात धरून निरखलं आणि जपानी माणसाच्या बोटांत जादू असते, असा निकाल दिला. पदराखाली जानकीची बोटं आगीसारखी चुरचुरत होती. क्षणभर तिला भरून आलं. मग पेन विहीणबाईंकडे पोचलं. इरावतीबाईंनी ते तळहातावर फिरवलं, कौतुकाने गालाला लावलं.

दोन दिवसांत त्या गोऱ्या गालावर काय उठणार, ते जानकीइतकं त्या हॉलमध्ये कुणाला माहीत होतं? पण पेन कच्चं आहे म्हणायचं, तर ते कुणी केलं हेही सांगावं लागणार. तिने दिशाकडे पाहिलं. दिशाने ओठ घट्ट मिटून मान हलवली, जेमतेम दिसेल एवढीच.

जेवणासाठी मंडळी उठली, तेव्हा मात्र तिला राहवेना. ती विहिणीच्या जवळ गेली.

‘विहीणबाई, जेवायच्या आधी हात साबणाने धुऊन घ्या. गालही.’

इरावतीबाई गोंधळल्या. मग त्यांची नजर जानकीच्या पदराकडे गेली, आतल्या हातांच्या उंचवट्यावर थांबली, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. बाई मनाने वाईट नव्हत्या. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

‘घाबरू नका हो. मी तुम्हाला हात लावलेलाच नाही.’